हुमल्यांवर चालणारा सोडा तांबड्या मुंग्यांवर का चालत नाही?

कुळागरकर, फोंडा
गेल्या आठवड्यात कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) माडाच्या आळ्यातले गवत उपटताना भुसभुशीत मातीच्या ढिगावर हात पडला आणि बारीक तांबड्या मुंग्यांनी मनगटावर आठ-दहा ठिकाणी दंश केला. आंब्यावरचे हुमले (पाने जोडून घरटी करणाऱ्या मुंग्या) चावले की आई खाण्याचा सोडा ओला करून चोळते आणि थोड्या वेळात बरे वाटते. मुंगीच्या विषात फॉर्मिक आम्ल असते, हे तर आपण शाळेतच शिकलो. या वेळी मात्र सोड्याने काडीचाही फरक पडला नाही आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक दंशावर मोहरीएवढा, पांढऱ्या तोंडाचा फोड उठला. असे का झाले असावे?

रसायनाचा शिक्षक, म्हापसा
कारण ते आम्ल नव्हतेच. हुमल्यांना नांगी नसते. ते जबड्याने चावतात आणि पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल त्या जखमेवर सोडतात, त्यामुळे वरून चोळलेला सोडा त्यातल्या थोड्याफार आम्लाला तरी गाठतो. तुमच्या वर्णनावरून या सोलेनॉप्सिस प्रजातीच्या मुंग्या वाटतात. त्या जबड्याने कातडी घट्ट धरतात आणि नांगी पुनःपुन्हा टोचतात. या प्रजातीतल्या इन्व्हिक्टा या अमेरिकन मुंगीच्या विषाचा सुमारे ९५ टक्के भाग अल्कलॉइडांचा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या आम्लारीधर्मी कार्बनी संयुगांचा असतो. त्यांतल्या सोलेनॉप्सिन-एची रचना पाहण्यासारखी आहे: पाच कार्बन आणि एक नायट्रोजन यांचे पिपेरिडीन वलय, नायट्रोजनच्या एका शेजारी मिथिल गट (एका कार्बनाचा) आणि दुसऱ्या शेजारी ११ कार्बनांची लांब शेपटी. शेपटीमुळे हा पदार्थ तेलासारखा, पाण्यात न विरघळणारा होतो आणि नायट्रोजनमुळे आम्लारीधर्मी. आम्लारीवर सोडा काय करणार?

वाचक, पेडणे
मग त्यावर आमसुलांचे आगळ किंवा लिंबू चोळले तर उतार पडावा ना?

रसायनाचा शिक्षक, म्हापसा
परीक्षानळीत आपले म्हणणे खरे ठरेल, आम्लाशी संयोग होऊन क्षार तयार होईल. पण नांगीने विष कातडीखाली सोडलेले असते आणि वर लावलेले आगळ तिथवर पोहोचत नाही. उलट खाजवून सोललेल्या कातडीवर ते झोंबेल तेवढे. खाली सोलेनॉप्सिन कातडीतल्या मास्ट पेशींतून हिस्टामिन हे दाह करणारे रसायन बाहेर काढते, म्हणून आग होते, आणि भोवतालच्या पेशी मरतात, म्हणून फोड येतो. त्या फोडात सहसा जंतू नसतात, तेव्हा तो फोडू नये. फोडला तरच बाहेरचे जंतू आत शिरतात. थंड पाण्याची पट्टी ठेवावी. विषात प्रथिनांचा वाटा अत्यल्प असला, तरी तीव्र ॲलर्जी त्यांच्यामुळेच होते; अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता इस्पितळ गाठावे.

थोडे विषयांतर: आपल्या पोफळींवर चढलेल्या मिरवेलीतल्या पिपेरिनमध्येही हेच पिपेरिडीन वलय आहे. फक्त तिथे नायट्रोजन अमाइड बंधात (ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनाशी असलेल्या बंधात) अडकलेला असल्यामुळे आम्लारीपणा जवळजवळ उरत नाही.

कुळागरकर, फोंडा
आभारी आहे, सर. दोन फोड मी आधीच फोडून बसलो होतो आणि नेमके तेच चिघळले. बाकीचे सुकत आले आहेत. आज तो ढीग लांबून काठीने उकरून पाहिला, तेव्हा बारीक मुंग्यांमध्ये काही थोराड, अंगाच्या मानाने फारच मोठ्या डोक्याच्या मुंग्या दिसल्या.

रसायनाचा शिक्षक, म्हापसा
मग ती बहुधा सोलेनॉप्सिस जेमिनाटा असावी. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, पण भारतात केव्हाच रुळलेली. त्या मोठ्या डोक्यात बी भरडणाऱ्या जबड्यांचे स्नायू असतात. आळे साफ करताना हातमोजे घालावेत.