६७ वय, बीपी आणि शुगर, सिल्डेनाफिल घेतली तर चालेल का?

निवांत६७: लाजत लाजतच विचारतोय. लिंगाला ताठरता येत नाही, म्हणून सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) हवी होती. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघताच १०० मिलिग्रॅमची गोळी दिली, कागदात गुंडाळून. बीपी, शुगरची औषधं चालू आहेत, रात्री प्रोस्टेटची टॅमसुलोसिन असते, आणि छातीत दुखलं तर म्हणून खिशात सॉर्बिट्रेट. अर्धी घेऊन बघू का?

जुना_कंपाउंडर: काका थांबा, अर्धीपण नको! सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट, ते आणि ही गोळी दोन्ही रक्ताच्या नसा सैल करतात, एकत्र पडली की बीपी धाडकन खाली येतं, जीवावर बेतू शकतं. सॉर्बिट्रेट लागत असेल तर ही गोळी नाहीच, तिच्याच जातीची टाडालाफिलपण नाही, ती तर दोन-दोन दिवस अंगात राहते. आणि पासष्टीनंतर डॉक्टर साधारण २५ पासून सुरू करतात, हा थेट १०० देऊन मोकळा झाला!

सुलूची_आई: आमच्या ह्यांनी न सांगता घेतलेली, टॅमसुलोसिन चालू असतानाच. रात्री बाथरूमला उठले नि दारातच चक्कर येऊन बसले, मला वाटलं अटॅकच. तुम्ही घेतलीच असेल आणि छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट टाकू नका, सरळ १०८ लावा आणि गोळी कधी घेतली ते सांगा, तिथे कसली लाज.

निवांत६७: बापरे. घेतली नाहीये अजून. सोमवारी हार्टच्या डॉक्टरांकडे जातो, सगळी पाकिटं पिशवीत घेऊन.

जुना_कंपाउंडर: शुगरचा रिपोर्टपण न्या, हा त्रास कितीदा तिच्यामुळेच असतो.