पोहण्याच्या गॉगलवर वाफ धरते, उपाय सांगा

जळगावहून प्रश्न:
मुलगी ११ वर्षांची, सकाळी ६ ची बॅच. गॉगल घेऊन दोनच महिने झाले, पण दोन फेऱ्या मारल्या की काचेवर वाफ धरते. मग कठड्याला थांबायचं, अंगठ्याने आतून पुसायचं, परत घालायचा. काल भिंतीचा अंदाज आला नाही आणि हात आपटला तिचा. नवीन घ्यावा का? शिवाय दिवाळीत मालवणला जातोय, पाण्याखाली बघायला काचेचा मास्क घेतलाय. त्याचंही असंच होईल का?

भुसावळहून:
ताई, आधी तो अंगठा थांबवा. नवीन गॉगलला आतून वाफ न धरणारा पातळ थर दिलेला असतो, तो पुसून पुसूनच जातो. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसंच हे. डोळ्यांभोवतीची हवा गरम आणि दमट, काच टँकच्या पाण्यामुळे गार. मग बारीक बारीक थेंब बसतात आणि काच पांढरट दिसते. साबणाचा अंश असला की थेंब न होता पाणी सपाट पसरतं, आरपार दिसतं.
आमच्याकडे बेबी शाम्पू चालतो. एक थेंब, त्यात थोडं पाणी, बोटाच्या टोकाने हलकेच आतून फिरवायचं, घासायचं नाही. मग एकदाच पाण्यात बुडवून काढायचं. खळखळून धुतलं तर सगळंच जातं, आणि अजिबात नाही धुतलं तर डोळे झोंबतात. घालण्याआधी गॉगल टँकच्या पाण्यात जरा बुडवा, तोंडावरही पाणी मारा.
आणि पोहायला जाताना केसांना तेल लावता का? कपाळावरून ओघळून काचेला लागतं. तेलकट काचेवर वाफ जास्त धरते.

धुळ्याहून:
सॅनिटायझरने पुसू नका. मी पुसला, आठवड्यात आतला थर गेला. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका, रबर कडक होतं. साध्या पाण्यात विसळून सावलीत वाळवायचा, डबीत ओला कोंबायचा नाही. थर अगदीच गेला असेल तर अँटी-फॉग स्प्रे मिळतो, पण रोज पोहणाऱ्याला शाम्पूच परवडतो.

चाळीसगावहून:
मास्कचं सांगतो. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा तेलकट थर राहतो. तो निघेपर्यंत काहीही लावा, वाफ धरतेच. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको, आतून बोटाने चोळा, धुवा, असं दोन-तीनदा. मात्र काच 'टेम्पर्ड', म्हणजे तापवून मजबूत केलेली, आहे ना हे बघून घ्या, आणि आतून आधीच थर दिलेला असेल तर टूथपेस्ट नको. मुलीच्या गॉगलला तर कधीच नको, प्लास्टिकवर चरे पडतात.
तिकडे ऐन वेळी शाम्पू नसेल तर थुंकी चोळून एकदा विसळायची, पाणबुडे हेच करतात. मास्क भाड्याचा असेल तर शाम्पूच बरा. पाण्याखाली उगाच नाकाने श्वास सोडत राहू नका, ती सगळी वाफ काचेवर बसते; खोल जाताना दाबासाठी थोडी हवा सोडायची ती वेगळी. आणि पोहण्याचा गॉगल घालून खोल जाऊ देऊ नका. मास्कमध्ये नाक आत असतं, नाकातून थोडी हवा सोडून दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये तसं होत नाही, डोळ्यांवर ताण येतो.

जळगावहून:
तेल मीच रोज लावून पाठवत होते! चार दिवस बंद केलं, शाम्पूही लावला. आज न थांबता आठ फेऱ्या झाल्या, नंतर कडेला थोडी वाफ. नवीन गॉगल सध्या घेत नाही. मास्कवर 'टेम्पर्ड' लिहिलंय, आज रात्री टूथपेस्ट लावते.