मदत हवी आहे: पालच्या जंगलात झाडं बघायला कधी जावं?

नमस्कार मंडळी, आम्ही भुसावळचे. वडिलांना यावल अभयारण्यात न्यायचंय, पालच्या बाजूनं. त्यांना वाघ-बिबट्याची हौस नाही, झाडं बघायची आहेत. सरकारी नोकरीत असताना सातपुड्यात फिरलेत, आता गुडघे कुरकुरतात.

यादीत पहिला कहांडोळ. थंडीत पानं झडली की ते पांढरंफटक खोड, कागदासारखी सुटणारी साल उठून दिसते. दुसरा अंजन. एका देठावर दोनच पर्णिका, आपट्याची आठवण करून देणाऱ्या. पण नवी पालवी तांबूस, आणि ती उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही साधायचं तर फेब्रुवारीअखेर बरी की मार्च? पळसही तेव्हा फुललेला असेल.

मला स्वतःला रानपिंगळा (एक छोटं घुबड) बघायचाय. १८८४ नंतर थेट १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला हा पक्षी दिवसाढवळ्या फिरतो म्हणे, तेव्हा रात्री जागायची गरज नाही. यावलमध्ये कुणाला दिसलाय का? नेमकी जागा इथे लिहू नका, उगाच गर्दी होते. फक्त कोणता महिना, सकाळ की दुपार, एवढं सांगा.

अजून: भुसावळहून रावेरमार्गे जावं की सावद्याहून? सध्या रस्ता कुठला बरा? प्रवेशाची परवानगी पालला गेल्यावर मिळते का? झाडं ओळखणारा स्थानिक वाटाड्या मिळाला तर सोनं. गाडीतून उतरून थोडंच चालता येईल असा पट्टा सुचवा. जेवणाची चिंता नाही, भरीत-भाकरी घरूनच नेणार.