मदत हवी आहे: डोनर आत्या, कमिटीची कागदपत्रं

भाची ९ महिन्यांची, बिलिअरी अट्रेशिया (पित्तनलिका जन्मापासूनच बंद). ६५व्या दिवशी कासाई (Kasai) ऑपरेशन, म्हणजे पित्त वाहायला आतडं थेट लिव्हरला जोडणं, झालं पण कावीळ उतरलीच नाही, डोळे अजून हळदीसारखे, आता डॉक्टर लिव्हर ट्रान्सप्लांटच म्हणतायत. तिचा ब्लड ग्रुप ओ, आईचा बी म्हणून जुळत नाही, बाबांचा ओ पण फॅटी लिव्हरमुळे रिजेक्ट, आजीआजोबा सत्तरीचे. आत्या ओ आहे, तयारही आहे, पण कायद्याने आत्या जवळचं नातं धरत नाहीत (काय म्हणावं याला!) म्हणून ऑथरायझेशन कमिटीची (अशा दानाला परवानगी देणारी समिती) मंजुरी लागते, त्यात ती बेळगावची म्हणजे कर्नाटकची एनओसी (ना-हरकत दाखला) पण. पैशाचं बघतोय, ते सोडा. पुण्यात कोणी हे केलंय का? आत्याचं माहेरचं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आहे, नात्याचा पुरावा म्हणून तो चालतो का, आणि एनओसीला किती दिवस लागले?