डीटॉक्स किटनं वजन आणि खाण्याची खाखा खरंच कमी होते का?

सांगलीची वहिनी:

नमस्कार सगळ्यांना. मी विश्रामबागला राहते, पतसंस्थेत नोकरी आहे म्हणजे दिवसभर खुर्चीवरच. वय ४१, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१. थायरॉईड तपासून घेतलाय, नॉर्मल आहे. डिसेंबरात दिराचं लग्न आहे आणि आमच्या जाऊबाईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक सात दिवसांचं डीटॉक्स किट फिरतंय, साडेतीन हजाराचं. सकाळी कोमट पाण्यातून पावडर, दुपारी दुधीचा नाहीतर पालकाचा ज्यूस, रात्री एक हर्बल चहा, आणि जेवण बंद, अगदीच राहवलं नाही तर काकडी नाहीतर पपई. सात दिवसांत पाच किलो जातात म्हणे आणि शरीरातली घाण निघाली की गोड खावंसं वाटणंच थांबतं असं सांगतात.

खरं सांगायचं तर मला वजनापेक्षा त्या दुसऱ्या गोष्टीचा मोह पडलाय. सकाळी गडबडीत चहा-खारी, डब्यात दोन चपात्या आणि भाजी, आणि पाच वाजले की ड्रॉवरमधली भडंगाची पिशवी बाहेर येते, घरी आल्यावर परत चहाबरोबर काहीतरी, आणि रात्री जेवण झाल्यावर गोड लागतंच, काही नसलं तर गुळाचा खडा तरी. नुसतं मनावर ताबा ठेवा असं सगळे सांगतात, तो ठेवून बघितलाय, पाच वाजता तो कुठं जातो कळत नाही. किटनं ही खाखा खरंच जाते का? कुणी केलंय का? सासूबाईपण म्हणतायत मागवणार असशील तर दोन मागव, मी पण घेते, त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

हरिपूरकर:

ताई मी हे नाही पण असंच एक केलं होतं. पहिले दोन दिवस डोकं भयंकर दुखलं, ग्रुपवरच्या मॅडम म्हणाल्या विष बाहेर पडतंय, सहन करा. नंतर मात्र छान हलकं वाटायला लागलं, पोट आत गेलं, पँट सैल झाली, काट्यावर पण फरक दिसला. पुढं वजन थोडं परत आलं, पण बाहेरचं खाणं बंद झालं हा माझा फायदाच झाला. सुरुवात करायला चांगलं आहे, मन तयार होतं. एकदा करून बघायला काय हरकत आहे.

मिरजेची आहारतज्ज्ञ:

वहिनी, सगळ्यात आधी सासूबाईंचं. त्यांना किट देऊ नका. कृपया. त्यांच्या गोळीचं नाव इथं लिहा, मग त्यावर बोलू, पण तोपर्यंत जेवण बंद करायचा विषय सुद्धा नको.

आता तुमचं. पाच किलो कुठून जातात ते सांगते कारण काटा खोटं बोलत नसतो, आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं, म्हणजे साठवणीतली साखरच, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. जेवण बंद केलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर ते पाणी लघवीवाटे जातं, की झाले दीड-दोन किलो कमी. आतडी रिकामी झाली, मीठ कमी झालं, आणखी उतरलं. चरबीचा हिशोब वेगळा आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तुमच्यासारख्या बैठ्या कामाच्या बाईला दिवसाला १८०० च्या आसपास लागतात, म्हणजे सात दिवस पाण्याशिवाय तोंडात काहीच घातलं नाही तरी गणितानं दीड-पावणेदोन किलोच्या वर चरबी जाऊच शकत नाही. आणि तेवढी पण जात नाही, कारण प्रोटीन मिळालं नाही की शरीर स्नायू मोडायला लागतं. तुमच्या वजनाला दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम प्रोटीन पाहिजे, दुधी-पालकाचा रस कितीही प्यायलात तरी त्याच्या जवळपास पोचणार नाही. आठव्या दिवशी भात-आमटी जेवलात की पाणी परत, काटा परत. हरिपूरकर म्हणतायत ना थोडं परत आलं, ते हेच.

हरिपूरकर, तुम्हाला बरं वाटलं ते खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण बाहेरचं तळलेलं आणि बेकरीचं बंद झालं, मीठ कमी झालं, त्यानं पोटाचा फुगारा गेला. ते जेवण चालू ठेवून पण होतं. आणि डोकं दुखलं ते चहामुळं! रोज तीन-चार कप चहा घेणाऱ्यानं एकदम सोडला की दिवसाभरात डोकं धरतं आणि पुढचे एक-दोन दिवस ठणकतं, त्याच्यात उपाशी पोट. माणसाला त्रास होतोय आणि त्याला सांगायचं की हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे, याचा मला फार राग येतो, कारण मग खरोखर काही बिघडलं तरी माणूस सहन करत बसतो.

घाण काढण्याचं म्हणाल तर ते काम लिव्हर आणि किडनी रोज करतात. किडन्या दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. किट विकणाऱ्याला एवढंच विचारा की नेमकं कुठलं विष निघतं, त्याचं नाव सांगा, आणि आधी-नंतर रक्तात किती होतं ते दाखवा.

आता खाखा. मला वाटतं तुमची खाखा मनाची नाहीच, भूक आहे. सकाळी खारी म्हणजे मैदा आणि डालडा, डब्यात चपाती-भाजी, डाळ नाही, उसळ नाही, ताक नाही. पाचपर्यंत पोटात टिकणारं काही गेलंच नाही तर शरीर मागणारच, आणि ते झटपट मिळणारं मागतं, गोड नाहीतर कुरकुरीत. त्याच्यावर सात दिवस उपास म्हणजे आगीत तेल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवून बघितलं होतं. ही मुलं दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं घेऊन वाचत बसायची, ताट चाटायची, आणि प्रयोग संपल्यावर कित्येकांना पोट फुटेस्तोवर खाऊन पण भूक भागल्यासारखी वाटेना. यात मनाचा कमकुवतपणा कुठं आहे सांगा. किटवर दोन-चार दिवसांनी भूक थोडी बोथट होते ते खरं, त्यालाच लोक खाखा गेली म्हणतात, ती आठवड्याभरानंतर जोरात परत येते.

मंडईतला गडी:

ताई मी कंपनीचं काय बोलत न्हाई, माझं भाजीचं दुकान हाय म्हणून दुधीचं तेवढं सांगतो. दुधीचा रस प्यायचाच असंल तर आधी दोन्हीकडचं देठ कापायचं आणि आतली एक चकती जिभेच्या टोकाला लावून बघायची. कडू लागली की थुकायचं, चूळ भरायची आणि आख्खा दुधी टाकून द्यायचा, साखर-लिंबू घालून खपवायचा न्हाई. वरनं बघून कळत न्हाई बरं का, हिरवागार कोवळा लुसलुशीत दुधी पण कडू निघतो, एकाच वेलाचं चार चांगलं आन एक कडू असं पण असतंय. २०१० ला दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधी आन कारल्याचा एकत्र रस पिऊन गेले, पेपरात आलं होतं, तवापासनं मी तरी गिऱ्हाइकाला सांगतोच. कारलं घातलं की दुधीचा कडूपणा कळणारच न्हाई ना, तितंच घात होतो. भाजी करून खावा, भाजीत पहिल्या घासाला कळतंय, रस माणूस डोळं झाकून गटागटा पितो.

मिरजेची आहारतज्ज्ञ:

दादा अगदी बरोबर आणि फार महत्त्वाचं सांगितलंत. त्या कडू द्रव्याला कुकुर्बिटासिन म्हणतात, त्यानं उलट्या, रक्ताचे जुलाब, बीपी एकदम पडणं असं होतं, आणि त्यावर उतारा नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, समितीनं पण हेच सांगितलंय, आधी चव बघा, कडू असेल तर पिऊ नका, दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. पालकाचं पण तसंच, भाजी म्हणून उत्तम, पण रोज कच्च्या पालकाचा ग्लासभर रस म्हणजे ऑक्झलेटचा, म्हणजे मूतखड्याला कारण होणाऱ्या द्रव्याचा मारा, ज्यांना मूतखडा होऊन गेलाय त्यांनी तर लांबच राहावं.

वैद्य, सातारा:

एक मुद्दा राहून जाऊ नये म्हणून लिहितो. असली किटं आयुर्वेदाच्या नावावर खपवली जातात, पंचकर्माचं घरगुती रूप म्हणून. पंचकर्मात विरेचन, म्हणजे जुलाब देऊन शुद्धी, आहे, पण त्याआधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल-तूप देणं आणि शेक देऊन घाम काढणं, रुग्णाची ताकद, वय, अग्नी म्हणजे पचनशक्ती बघणं, आणि नंतर संसर्जन क्रम, म्हणजे आधी पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग मुगाचं कढण असं पायरीपायरीनं जेवणावर आणणं, हे सगळं आलं. म्हातारं माणूस, अशक्त माणूस, गरोदर बाई यांना सरसकट विरेचन देत नाहीत. न तपासता सगळ्या ग्रुपला एकच पुडी, ही आमची पद्धत नाही.

सांगलीची वहिनी:

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. जाऊबाईंकडून रिकामा बॉक्स आणला, रात्रीच्या चहावर बारीक अक्षरात लिहिलंय: सोनामुखी, हिरडा, बडीशेप, ज्येष्ठमध, आलं. आणि सासूबाईंची गोळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली आहे, सकाळी आणि रात्री, शिवाय बीपीची एक, त्यानं लघवी जास्त होते. त्यांचं म्हणणं, जेवलंच नाही तर शुगर वाढणार कशी, उलट चांगलंच की.

मिरजेची आहारतज्ज्ञ:

वहिनी त्यांना हे वाचून दाखवा. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, तुम्ही जेवलाय की नाही हे ती बघत नाही. पोटात काही नाही आणि गोळी आत गेली की शुगर पडते. घाम फुटतो, हात थरथरतात, गरगरतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतं, आणि हे रात्री झोपेत झालं तर घरात कुणाला कळत पण नाही. असं कधी झालं आणि त्या शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत शुगर तपासा, मग काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. ही माहिती किट घेतलं नाही तरी घरात सगळ्यांना असू दे, एकादशीला पण उपयोगी पडेल.

आणि सोनामुखी म्हणजे जुलाबाचं औषध. ती मोठ्या आतड्यावर काम करते, आणि अन्नातल्या कॅलरी त्याच्या आधीच लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात, म्हणजे चरबीशी तिचा काही संबंध नाही, जातं ते पाणी, सोडियम, पोटॅशियम. बीपीच्या गोळीनं आधीच लघवीवाटे क्षार जातायत, वरून जुलाब, त्या वयात चक्कर येऊन पडल्या तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. ज्येष्ठमध रोज घेतलं तर पोटॅशियम आणखी उतरतं आणि बीपी वाढतं, ते वेगळंच.

तुमच्या स्वतःसाठी एवढंच करून बघा. खारी बंद, त्याऐवजी दोन अंडी नाहीतर मुगाची दोन धिरडी. डब्यात एक चपाती कमी चालेल पण मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ आणि ताक पाहिजेच. आणि पाचची वाट बघायचीच नाही, साडेचारला मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे खाऊन घ्या. भडंग सोडा असं मी सांगणार नाही, सांगलीत राहून ते कुणाला जमणार, पण चुरमुऱ्यात पोट धरणारं काही नसतं, तेव्हा पिशवीतून खाऊ नका, वाटीत घ्या आणि वाटीभर भडंगात अर्धी वाटी मोड आलेली मटकी, कांदा, लिंबू घाला. रात्रीचं गोड जेवणाबरोबरच ताटात घ्या, नंतर वेगळं नको. आणि झोप, ती पाच-साडेपाच तासांवर आली असेल तर दुसऱ्या दिवशी भूक वाढणारच. आठवड्याला अर्धा किलो धरा, डिसेंबरपर्यंत जे जाईल ते चरबीतलं जाईल.

आमराईवाले काका:

सकाळी आमराईत फिरायला या वहिनी, बायकांचा मोठा ग्रुप असतो, सासूबाईंना पण आणा, गोळी आणि नाश्ता करून. साडेतीन हजारात चांगले बूट येतात.

हरिपूरकर:

मॅडम चहाचं मला माहीतच नव्हतं, पटलं. एक विचारू का, मटकी-हरभरा रोज खाल्लं की मला गॅस होतो, ऑफिसात अवघड होतं, त्याला काय करायचं?

मिरजेची आहारतज्ज्ञ:

भिजवलेलं पाणी टाकून द्या, चांगले मोड येऊ द्या, शिजवताना हिंग-ओवा घाला आणि पहिला आठवडा अर्धी वाटीच घ्या, आतड्यांना सवय लागायला वेळ द्या. तरी त्रास झाला तर हरभरा ठेवा बाजूला, मूग खा, तो पचायला सगळ्यात हलका.

सांगलीची वहिनी:

सासूबाईंना वाचून दाखवलं. किट कॅन्सल, पण आता त्या विचारतायत की आषाढी-कार्तिकीला गोळीचं काय करायचं, एवढी वर्षं उपास धरून पण गोळी घेतच होत्या म्हणे. सोमवारी त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाते.