शेंड्यापर्यंत पाणी चढतं कसं?

पानगळ
मुळं पाणी शोषतात इथपर्यंत कळलं, पण पुढे काय? वरून कितीही ओढलं तरी हवेच्या दाबावर पाणी साधारण 10 मीटरच चढतं, पंपालाही तीच मर्यादा, आणि रेडवूडची झाडं तर 115 मीटरपर्यंत जातात. मोटर नाही, हृदय नाही, मग पाणी वर ढकलतंय कोण? केशाकर्षण (बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं ते) म्हणून सोडून देऊ नका प्लीज, जलवाहिन्या एवढ्या बारीक नसतात, त्याने जेमतेम मीटरभर चढेल.

मूळखोड
ढकलत कोणीच नाही, वरून खेचलं जातं. पानातल्या पेशींच्या भिंती ओल्या असतात, तिथल्या पाण्याची वाफ होऊन पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या उघडझाप होणाऱ्या बारीक छिद्रांतून, बाहेर जाते, मग भिंतीतल्या अतिसूक्ष्म छिद्रांत उरलेलं पाणी आत सरकतं आणि पृष्ठताणामुळे मागचं पाणी ओढलं जातं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ही ओढ थेट मुळापर्यंत पोचते. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी हे 1894 मध्ये मांडलं. वाहिन्यांतलं पाणी अक्षरशः ताणलेलं असतं, दाब शून्याच्याही खाली, म्हणून 10 मीटरचा हिशोब इथे लागूच होत नाही. सगळी ऊर्जा उन्हाची!

रानवेडा
यात भर घालतो. स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच सुमारास झाडाचं कापलेलं बूड विषारी द्रावणात ठेवलं, खोडातल्या जिवंत पेशी मेल्या तरी पाणी चढतच राहिलं, थांबलं ते विष पानांपर्यंत गेल्यावर. मला हा प्रयोग फार आवडतो, खोडातल्या जिवंत पेशी पाणी ढकलतात का हा प्रश्न एका फटक्यात निकालात.

पानगळ
भारी! पण एवढं ताणलेलं पाणी तुटत नाही का? आणि शोषलेलं बहुतेक पाणी उडूनच जाणार असेल तर झाड रंध्रं बंद का नाही ठेवत?

मूळखोड
तुटतं ना, दुष्काळात तर फारच. वाहिनीत बुडबुडा होतो, संवेदनशील माइक लावला तर त्याचा टिक् आवाजही पकडता येतो. पण शेजारच्या वाहिन्यांमधले पडदे बुडबुड्याला अडवतात आणि पाणी बाजूने वाट काढतं. रंध्रं बंद केली तर कार्बन डायऑक्साइड आत येणार नाही, म्हणजे अन्नच बंद. कार्बन आत घ्यायचा तर पाणी जाणारच, सुटका नाही. निवडुंग म्हणूनच रंध्रं रात्री उघडतात, तेव्हा हवा गार असते आणि पाणी कमी उडतं.

रानवेडा
आणि फुलं कापून फुलदाणीत ठेवत असाल तर देठ पाण्याखाली धरून पुन्हा थोडा कापा, कापताना वाहिन्यांत हवा शिरलेली असते, तेवढा तुकडा काढला की पाणी परत नीट चढतं.