प्रतिसाद: हाताला गुण आहेच, पण मोजायचा कसा?

'आमच्या हाताला गुण आहे, संशोधन कशाला शिकायचं?' असं वर एकांनी विचारलंय. मी बीडला फिजिओथेरपी करते. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊसतोडीहून परतलेल्या बाया कंबर धरून येतात. तीन आठवड्यांत दुखणं निम्म्यावर! वाटायचं, माझीच करामत. अहो, डोक्यावरची मोळी उतरली, त्याचं काय? तुलनेला दुसरा गट नसेल तर श्रेय कुणाचं, कळतच नाही. आता पहिल्याच दिवशी ० (काहीच नाही) ते १० (असह्य) मध्ये दुखणं विचारून वहीत मांडते. ('दहा म्हंजी बाळंतपण का?' एका मावशीचा सवाल.) उपचाराची खरी चाचणी करायची तर पहिला रुग्ण घेण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवर (देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी उरका, १ एप्रिल २०१८पासून मागाहून नोंदणी होत नाही.